चौथ्या सीटवरचं रेल्वे बोर्ड

सकाळच्या प्रत्येक फास्ट लोकलमध्ये एक रेल्वे बोर्ड प्रवास करत असतं. त्याला दिल्लीत कचेरी लागत नाही. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटची कड पुरते. वय पन्नाशीपुढचं, बॅग पोटाशी, आणि डब्याच्या लेखी नाव एकच : काका.

डोंबिवलीला चढताना काका समाजवादी असतात. "अहो, आत सरका, मधे जागा आहे!" आत शिरले, की पाठीमागच्याला बजावतात, "लटकताय कशाला? मागून टिटवाळा येतेय, रिकामी!"

गाडी कोपरच्या अलीकडे अडली, की बोर्डाची बैठक भरते. "१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी वाफेवर ठाण्याला पोचली. आपण विजेवर, आणि अजून कोपर येईना!"

काकांचा अभ्यास मात्र पक्का. या एका गाडीतली माणसं मोटारींत बसवली, तर घोडबंदर रोड रात्रीपर्यंत मोकळा होणार नाही, हे ते पटवून देतात. महिन्याचा पास साधारण पंधरा फेऱ्यांच्या भाड्यात पडतो, आणि प्रवासी गाड्यांचा तोटा मालवाहतूक भरून काढते, हेही त्यांना तोंडपाठ. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी धडधडत जाते. काका भडकतात : "ऐन गर्दीत ही धोंड कुणी सोडली? बंद करा सगळ्या मालगाड्या!" आपल्या पासाचे पैसे भरणारी तीच, हे तेव्हा त्यांना कोण सांगणार?

दिवा आलं, की बोर्डाचा तोल सुटतो. फास्ट गाड्या थांबाव्यात म्हणून दिवेकर झगडले. २०१५ च्या जानेवारीत तिथे मोठा रेल रोको झाला. काकांना तो इतिहास ठाऊक आहे, थांबा मात्र मंजूर नाही. "रेल्वे सगळ्यांची आहे हो, पण फास्ट ती फास्ट! कुठे-कुठे थांबवायची?" अंबरनाथहून बसून आलेला एक गृहस्थ पेपरातून मान वर न करता म्हणतो, "आम्ही डोंबिवलीबद्दल हेच म्हणतो."

काकांना हसू नका. दिवसाला लाखो माणसं वाहणाऱ्या या रेल्वेला नवे रूळ, जादा गाड्या, मोठे पूल हवेतच; ते होतील तेव्हा होतील. उद्या आत शिरलात, की दारातल्या माणसासाठी वीतभर सरका. मधे जागा असते. एवढं तरी काका खरं बोलतात.