पुढची आवृत्ती: परळी

सर्व्हरांवरची ॲप्स सांभाळणाऱ्या कुबर्नेटीस या सॉफ्टवेअरच्या वर्षाला 3 आवृत्त्या येतात आणि प्रत्येक साधारण 14 महिन्यांत म्हातारी होते. पुढे ॲमेझॉनची क्लाउड सेवा ती आणखी वर्षभर सांभाळते, पण क्लस्टरमागे तासाला 10 सेंटांऐवजी 60 सेंट घेऊन. ऊसतोडीचा मुकादमही लाजेल! शिवाय मधली आवृत्ती गाळून उडी मारायची नाही, एकेक पायरीच चढायची.

ही शिस्त बीडकरांना कोण शिकवणार? अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेची मंजुरी 1995 ची. गाडी आष्टीला टेकली 2022 मध्ये, बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी. तेवढ्या काळात कुबर्नेटीसच्या 90 आवृत्त्या येऊन गेल्या असत्या. आमचं आश्वासन मात्र कालबाह्य होत नाही. दर निवडणुकीला त्याला फुकट मुदतवाढ मिळते. परळीपर्यंतचा टप्पा? तो गाडी बीडला आली तेव्हाही पुढच्या आवृत्तीतच होता.