सन कोणतं धरायचं?

स्थानिक स्वराज्याच्या पदविकेला बसलेल्या उमेदवारांनी गाइडच्या नादी लागू नये. गाइड छापून बाजारात येईपर्यंत कायदा बदललेला असतो. ‘नगराध्यक्षाला कोण निवडतं?’ हा दोन मार्कांचा प्रश्न घ्या. 2016 साली उत्तर होतं, थेट जनता. 2020 साली, नगरसेवक. 2022 साली पुन्हा जनता. तेव्हा पेन उचलण्याआधी पर्यवेक्षकांना नम्रपणे विचारावं, ‘सर, सरकार कोणाचं धरायचं?’ प्रभागाचीही तीच गत. चारचा, मग एकचा, मग तीनचा, परत चारचा. नगरसेवक निवडतोय की शेअर रिक्षा भरतोय, मतदाराला कळेना.

दहा मार्कांचा हमखास प्रश्न म्हणजे राज्यघटनेचं कलम 243-यू. 74व्या घटनादुरुस्तीनं आलेलं, 1 जून 1993 पासून लागू. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही. आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. महाराष्ट्रानं यातला पहिला भाग तंतोतंत पाळला. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याचे नगरसेवक घड्याळ लावून घरी गेले. दुसरा भाग ऑप्शनला टाकला. नवी मुंबईत तर 2020 पासूनच प्रशासक. पाच वर्षांची अट नगरसेवकांना होती. प्रशासकाची राजवट ती ओलांडून पुढे गेली.

या काळातली एखादी फाइल प्रात्यक्षिक म्हणून जरूर पाहावी. पुस्तकात लिहिलंय, आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समितीनं तपासायचा, मोठा विषय असेल तर मुख्य सभेपुढे न्यायचा. प्रशासकांच्या काळात फाइलला टेबलावरून हलायचंही कारण नाही. वर ‘आयुक्त’ म्हणून सही, खाली ‘प्रशासक’ म्हणून सही. पेन तेच, शाई तीच, शिक्का तेवढा वेगळा. सूचक नको, अनुमोदक नको, हरकतीचा मुद्दा नाही, सभा तहकूब नाही. आयत्या वेळचा विषयही नाही, कारण सगळ्याच वेळा साहेबांच्या. ठराव अर्थातच सर्वानुमते.

न्यायालय काय करत होतं? सुनावणी. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं. महापालिकांचं मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. सरकारी महिना किती दिवसांचा, हे ज्यानं त्यानं काढावं.

आता सभागृह आलं म्हणून हुरळून जाऊ नका. मुंबईचा कायदा 1888 चा, वेगळा. पण बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमातलं कलम 451 पाठ करून ठेवा. ठराव सभेनं करायचा, तो विखंडित करायचा अधिकार राज्य सरकारचा. यालाच आपल्याकडे स्वराज्य म्हणतात, आणि त्यावर दरवर्षी टिपा लिहायला येतं.

वाचकांना गृहपाठ एकच. पाच वर्षं निकालापासून मोजायची नसतात, पालिकेच्या पहिल्या सभेच्या तारखेपासून मोजायची असतात. ती तारीख नगरसचिवांकडून लेखी घ्या आणि जपून ठेवा. 2031 साली लागेल.