निवांतपणाची सरकारी सोय

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाकडे निघणाऱ्या जोडप्यांची व्यवस्थेने केवढी काळजी घेतली आहे, याची नोंद कुणी घेत नाही. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावरून ती सुसाट येतात. पुढे डोंगर घाईघाईत बघून संपू नये, म्हणून गाडी जागच्या जागी थांबवली जाते.

एकच धबधबा, एकाच कोनातून, पोटभर! कणीसवाला काचेशी येतो, नोट घेतो, सुटे आणायला जातो, परत येतो, गाडी तिथंच. फ्लॅटचे हप्ते, सासूबाईंचा गुडघा, गेल्या दिवाळीतला अबोला, सगळ्याचा निकाल पहिल्या गिअरमध्ये लागतो. समुपदेशक याचे पैसे घेतात.

तेव्हा या कोंडीलाच पर्यटनस्थळाचा दर्जा द्यावा, अशी नम्र सूचना आहे. टायगर पॉइंटच्या धर्तीवर 'क्लच पॉइंट' असा फलक लागावा. धुकं कमी पडलं तर सायलेन्सर आहेतच. मधुचंद्राच्या जोडप्यांना दोन ट्रकांच्या मधली राखीव जागा मिळावी.

संध्याकाळी पोलीसदादा शिट्टी वाजवतात: वेळ संपली, मागे वळा. जोडपं तक्रार करत नाही. उलट दिशेचा धबधबा अजून बघायचा असतो, आणि गाडी त्याच्यासमोर लगेच थांबतेही.

पुण्याहून निघणारी लोकल साधारण दीड तासात लोणावळ्याला पोचते. तिला खिडक्याही आहेत.