पालकसभेनंतरची दहा मिनिटं

पालकसभेत बाईंनी आमच्या दुसरीतल्या चिरंजीवांबद्दल एकच गोष्ट सांगितली. "वाचताना अडखळतो. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचू दे. अडला तर लगेच सांगू नका, त्याचं त्याला लावू दे." इतकंच.

शाळेच्या फाटकातून निघाली तेव्हा ही सूचना दहा मिनिटांची होती, घरी पोचेपर्यंत दीड तासाची झाली. मी कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं : वाचन, शुद्धलेखन, पाढे आणि शेवटी अवांतर. "यात तो जेवणार कधी?" हिने विचारलं. जेवण मी अवांतरमध्ये धरलं होतं.

तात्यांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, प्रगतिपुस्तक हातात घेतलं आणि ते नंबर शोधायला लागले. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून श्रेण्या आणि वर्णनात्मक नोंदी असतात, हे मी समजावलं. मराठीत ब-२, म्हणजे ६१ ते ७०.

"म्हणजे एकसष्ट की सत्तर?"

"ते बाईंनाच ठाऊक."

"मग तू सभेला काय चहा प्यायला गेला होतास?"

चहा नव्हता, हेही सांगून पाहिलं.

मग तात्यांनी पाढे ताब्यात घेतले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं, तेव्हा तो वाद थेट विधानसभेत गाजला होता. ते अधिवेशन कधीच संपलं. आमच्या दिवाणखान्यातलं अजून चालू आहे. नातू 'वीस एक' म्हणतो, तात्या 'एकवीस' म्हणून सभात्याग करतात.

वाचनाची बैठक मात्र भरली. पोरगं 'पा'वर थांबलं. मी म्हणालो, "पाऊस!" हिने "पाटी" सुचवलं. तात्यांनी तर एकदम पानिपतच गाठलं. पुस्तकात 'पारंबी' होतं. पोराने ते लावलंही असतं, पण आमच्या गलक्यात त्याला तोंड उघडायला फुरसत कुठे?

तेवढ्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचू नका म्हणून बजावलं, पण तिला राशिभविष्याशिवाय चहा गोड लागत नाही. तिने नातवाला पेपर घेऊन जवळ बसवलं. तो 'ध... धन...' करत थांबला की ती गप्प. संयम वगैरे काही नाही, पुढचा शब्द तिला दिसतच नव्हता! पुढे धनलाभ आहे की धनहानी, या काळजीने ती कान टवकारून ऐकायची आणि पोरगं शब्द लावून मोकळं व्हायचं. बाईंना हवा होता तसा पालक अखेर घरातच सापडला. आता तो बाराही राशी न अडखळता वाचतो.

तेव्हा पालकहो, पुढच्या सभेहून आल्यावर वेळापत्रक आखू नका, सरावसंच आणू नका. मूल वाचत असताना फक्त दहा मिनिटं गप्प बसा. तेवढंही जमत नसेल, तर चष्मा काढून ठेवा.