बाण म्हणजे पाच

"ऐकलंस का गं?" अशी माईंनी गडग्यापलीकडून हाक मारली, की समजायचं, रात्री न्यूजर्सीहून फोन आलेला आहे. मांडीवर परात, परातीत मोड आलेले कडवे वाल, आणि बोटं बिरड्या सोलण्यात गुंतलेली. माई सोलायला बसल्या की पाऊण तास हलत नाहीत, समोरच्यालाही हलू देत नाहीत.

"नातवानं अंगाला पलंगपोस गुंडाळून फोटो पाठवलाय. मला वाटलं, ताप भरलाय पोराला."

ताप नव्हता. त्यानं शाळेत लॅटिन घेतलंय. तिकडे लॅटिन शिकणाऱ्या पोरांची ज्युनिअर क्लासिकल लीग नावाची संघटना आहे, १९३६ पासूनची. त्यांची अधिवेशनं भरतात, पोरं जुन्या रोमन पुढाऱ्यांसारखी टोगा नेसून मिरवतात, बझर दाबून प्रश्नमंजुषा खेळतात. त्या खेळाला सर्टामेन म्हणतात. माईंच्या तोंडी त्याचं 'सरदामन' झालं होतं, आणि नातवाला सरदामनात तिसरं का चौथं बक्षीस मिळालं होतं.

"पण ती भाषा बोलतं कोण?"

"कोणीच नाही! मी तेच विचारलं त्याला. तर मलाच विचारतो, आजी, सप्टेंबर कितवा महिना? म्हटलं, नववा. तर म्हणे, चूक, सातवा. सेप्तेम म्हणजे सात."

खरंच आहे. रोमनांचं वर्ष फार पूर्वी मार्चात सुरू व्हायचं, साधारण आपल्या चैत्राच्या आगेमागे. तिथून मोजलं की सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा. सेप्तेम, ऑक्तो, नोवेम, देकेम. माईंनी एकेक वाल बाजूला काढत म्हणून पाहिलं, सप्त, अष्ट, नव, दश. हात थांबला.

"अगो, हे तर आपलंच!"

आपलंच, पण आपण त्याचं काय करून ठेवलंय? पोर आठवीत गेलं की आईबाप एवढंच विचारतात, संपूर्ण संस्कृत घ्यावं की संयुक्त? संपूर्ण म्हणजे शंभर मार्कांचं, संयुक्त म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत. यातलं 'स्कोरिंग' कुठलं, एवढं कळलं की झालं. दहावीला संपूर्णच्या पुस्तकाचं नाव 'आमोद', संयुक्तच्या पुस्तकाचं 'आनन्द'. आनंदाचा संबंध बहुतेक घरांत तिथंच संपतो. मी स्वतः 'कविः कवी कवयः' घोकून घोकून पास झाले. तो कवी कोण, काय लिहायचा, हे ना कोणी सांगितलं ना मी विचारलं.

एवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, तिसऱ्या घरात राहतात. संस्कृतचा विषय निघाल्यावर ते पुढे जाणं शक्यच नव्हतं.

"शंकरशेट शिष्यवृत्ती ऐकलीय का, माई?"

मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. ज्याला मिळाली, त्याचं नाव घरात नातवंडांपर्यंत सांगायचे. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे जन्मले आपल्या महाडात, १८६४ साली, आणि त्यांनी ती मिळवली. चिंतामणराव देशमुख जन्मले रायगडाजवळच्या नात्याला, १८९६ साली. १९१२ ला मॅट्रिकला अख्ख्या मुंबई विद्यापीठात पहिले, वर संस्कृतची ही शिष्यवृत्ती. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि एवढ्या रगाड्यात कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं.

"एका तालुक्याचे दोन," माई खूश झाल्या.

"थांबा, तिसऱ्याचंही ऐका," गुरुजी म्हणाले. "बाबासाहेबांना शाळेत संस्कृतच घ्यायचं होतं. शिकवायला नकार मिळाला. म्हणून फारसी घ्यावी लागली. मग पुढे स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले."

माईंची परात मांडीवर तशीच. गुरुजींचे वडील पोरवयात चवदार तळ्यावर गेले होते, २० मार्च १९२७ ला, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृती जाळली गेली.

"आमच्या नातीला आठवीत फॉर्मवर फक्त टिक करायची होती," गुरुजी म्हणाले. "टिक तिनं केली, पेन माझं होतं."

तेवढ्यात नातच आजोबांना शोधत आली. नववीत आहे, संपूर्णवाली. मागच्या आठवड्यात शाळेची सहल रायगडावर गेली होती. पोरांनी रोपवेत आरडाओरडा केला, टकमकावर सेल्फी काढले, ते सगळं झालंच. पण जगदीश्वराच्या देवळापाशी संस्कृतच्या बाईंनी सगळ्यांना भिंतीतल्या शिलालेखापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, वाचा.

"पहिल्यांदा तर अक्षरंच सुटेनात, काकू. सगळं जोडून लिहिलंय. मग एक शब्द दिसला, 'हीराजिना'. मी ओरडलेच, बाई, तृतीया! कवि, कविना, तसं हीराजि, हीराजिना. म्हणजे हिरोजीनं बांधलं!"

हिरोजी इंदुलकर, ज्यांनी गड उभारला ते. पायरीवर त्यांचं मराठीतलं नाव सगळे बघतात, फोटो काढतात. भिंतीतल्या संस्कृत ओळींपुढून मी निदान चारदा गेले असेन, एकदाही थांबले नाही. मग म्हणे 'रायगिरौ' सापडलं, ती सप्तमी, रायगिरीवर. विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीखाने, राजवाडे, सगळी यादी पोरांनी शब्द फोडून फोडून काढली. चंद्रसूर्य असेतो हे राहो, असंही त्यात आहे. माझ्या घोकलेल्या 'कविना'ला इतक्या वर्षांनी काम मिळालं.

"आणि साल? साल कुठंय?" माईंना हिशेब लागतो.

"तीच तर गंमत, आजी! आकडा कुठेच नाही. सहा, नऊ, बाण, भूमी, एवढंच आहे."

"बाण?"

"मदनाचे बाण पाच, म्हणून बाण म्हणजे पाच. भूमी एकच, म्हणून एक. आणि हे आकडे उलटे वाचायचे, शेवटून. एक, पाच, नऊ, सहा. शके १५९६. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा."

माईंनी बोटांवर मिळवले. १६७४. राज्याभिषेकाचं साल. मग फोन काढून त्यांनी न्यूजर्सीला लांबलचक निरोप बोलून ठेवला. सरदामनात हा प्रश्न घालून बघा म्हणावं त्या तुझ्या रोमनांना.

माईंचं माहेर पोलादपूर, त्यामुळे माहेराचा मान राखणं आलंच. "आमच्याकडे कवींद्र परमानंदांची समाधी आहे हो. लहानपणी जायचो. पण त्यांनी काय लिहिलं, ते आम्हांला कोण सांगतंय!"

गुरुजींनी सांगितलं. शिवभारत. महाराजांच्या काळातच लिहिलेलं त्यांचं संस्कृत चरित्र. काशीचे पंडित ऐकायला बसलेत आणि परमानंद सांगतायत, अशी रचना. अफझलखानाचा प्रसंग त्यात सविस्तर आहे, आणि प्रतापगड तर पोलादपूरहून घाट चढला की आलाच. एकतिसाव्या अध्यायानंतर ग्रंथ अर्धवट तुटतो. हस्तलिखित तंजावरला मिळालं, सदाशिव महादेव दिवेकरांनी ते छापलं.

"कधी छापलं?" नातीनं विचारलं.

"१९२७."

"तळ्याचंच साल?"

"तळ्याचंच."

नात काही बोलली नाही. पोलादपूरला कधी नेणार, एवढं तिनं माईंकडून कबूल करून घेतलं. मग ती गडगा ओलांडून माईंच्या पडवीत गेली. तिथं भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्याही वर. माईंनी रंग देताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडली होती. पोरीनं दप्तरातून खडू काढला, थोडा विचार केला आणि रेघेखाली लिहिलं : चंद्र, नेत्र, आकाश, नेत्र.

माई चष्मा पुसून उठल्या. चंद्र एक. डोळे दोन. आकाश म्हणजे... रिकामं, शून्य. पुन्हा डोळे, दोन. मग शेवटून वाचलं, हळूहळू, वालाच्या ओल्या बोटानं एकेका शब्दाखाली टेकत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण जरा रेघेच्या वर लिही गं. पुन्हा पाणी आलं तर पुसायला नको."