बाळाला घेऊन जा, कागद मात्र मागा

राहुरीच्या शेतकऱ्यापुढं नवं बियाणं ठेवलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, चाचणी कुठं घेतली? कोरडवाहूत की बागायतीत? शेजारच्या वाफ्यात तुलनेला कोणती जात होती? उत्तर पटल्याशिवाय तो पिशवी फोडत नाही. कृषी विद्यापीठाच्या दारात राहून ही सवय अंगात मुरली आहे आणि ती फार चांगली सवय आहे. घरातल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र ती उंबऱ्याबाहेर राहते. वजन किती हवं, रांगायला कधी लागलं पाहिजे, पहिला घास कशाचा, हे सगळं शेजारच्या घरातलं बाळ पाहून ठरतं. आणि अभ्यासासाठी बाळाला घेऊन या असं कुणी म्हटलं की घरातून एकच आवाज येतो : ‘आमचं पोर काय प्रयोगाला आहे का?’

हा प्रश्न विचारणाऱ्या आजीच्या काळजीबद्दल मला आदर आहे. तिचा नकार मात्र मला मान्य नाही.

आपल्या बाजरीचंच बघा. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि आपलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून लोह जास्त असलेली ‘धनशक्ती’ ही जात काढली. 2012 मध्ये ती महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली. दाण्यात लोह किती, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. ते लोह भाकरीतून लेकराच्या रक्तात उतरतं का, हे कुठल्याही वाफ्यात कळत नाही. त्यासाठी लेकरंच लागतात. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींनी सहा महिने ही किंवा साधी बाजरी खाल्ली, वेळोवेळी रक्त दिलं. निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता लोहयुक्त बाजरीच्या गटात 1.64 पट होती. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आसपासची 40 मुलं घेऊन त्याआधीच पाहिलं होतं, की अशा बाजरीतून अंगी लागणारं लोह जवळपास तिप्पट असतं.

मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या आया पुढं आल्या. त्यांची बाळं 12 ते 18 महिन्यांची, संख्या 223. नऊ महिने वरच्या आहारात एका गटाला लोहयुक्त, दुसऱ्याला साध्या बाजरीचे पदार्थ. सगळ्या मुलांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांच्या अंगात मुळात लोह कमी होतं त्यांचं आणि मुलग्यांचं हिमोग्लोबिन मात्र सुधारलं. या निकालाला कुणी हार घालणार नाही. मला तो मोलाचा वाटतो, कारण बाजरी कुणाला किती उपयोगी पडते याचं खरं उत्तर त्या आयांनी मिळवून दिलं. जाहिरात एवढं खरं कधीच सांगत नाही.

अंगणवाडीत बाळाचं वजन घेतल्यावर ताई ज्या तक्त्यावर खूण करतात, तो तक्ता तरी कुठून आला? जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली, खाऊनपिऊन सुखी घरांतली. चांगलं पोषण, आईचं दूध आणि आरोग्यसेवा मिळाली तर सहाही देशांतली बाळं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. ‘आपल्या देशात मुलं लहानखुरीच असतात’ हे वाक्य तेव्हाच बाद झालं. आपण ते अजून बोलतो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येक सासरी आणि माहेरी सांगितली पाहिजे. आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 पासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. काही बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं म्हणून बाराव्या महिन्यात सुनेला बोल लावणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आणि पुणे. 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत बाया गरोदर राहण्याआधीपासून सुरुवात केली आणि मुलं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. तिथलं बाळ जन्मताना सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून. पुढच्या मधुमेहाचा धागा तिथं सापडला. ज्या आयांच्या ताटात दूध, पालेभाजी, फळं जास्त, त्यांची बाळं जन्मताना मोठी, हेही तिथंच दिसलं. सहा गावांतल्या बायांनी दार उघडलं नसतं, तर हे आज कुणाला सांगता आलं असतं?

आजीची भीती मात्र हवेतली नाही. 2009–10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एका अभ्यासासाठी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देताना अनेक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननीच सह्या केल्या. आईबापांना विचारलंच नाही. संसदीय समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. गरिबाची सही दुसऱ्यानं करायची, हा गुन्हाच मानला पाहिजे.

म्हणून बाळाला घेऊन जाताना बियाण्याच्या दुकानात जितकं विचारता तितकं तरी विचाराच. नीतिसमितीची मान्यता आहे का, मराठीतलं संमतीपत्र माझ्या हातात राहणार का, रक्त किती आणि कितीदा, बाळ आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? मधूनच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत ना? बुडालेल्या रोजाचं आणि गाडीभाड्याचं काय? सही करण्याआधी एक रात्र घरी विचार करायला मागा. जो ‘आत्ताच अंगठा द्या’ म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

संशोधकांकडेही एक मागणी आहे, आणि ती मी विनंतीच्या सुरात करत नाही. अभ्यास संपला की निकाल इंग्रजी नियतकालिकात जातो. तो त्याच आठवड्यात मराठीत, एका पानावर, त्या आईच्या हातात पडला पाहिजे. बाळ तिनं आणलं होतं.