बातमी सोडून बोला

बुधवारी सकाळी पुण्यात रिक्षात बसावं. एफएमवरची आरजे उत्साहाने सांगत असते, की उद्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी शहराच्या अमुक भागात पाणी येणार नाही, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येईल, तेव्हा मंडळी, आजच पिंपं भरून ठेवा! रिक्षावाला आरशात बघत विचारतो, "सारखी सारखी गुरुवारचीच कसली हो दुरुस्ती निघते?" हा प्रश्न रिक्षात चालतो, टपरीवर चालतो, कट्ट्यावर तर दोन तास चालतो. स्टुडिओत मात्र चालत नाही. पाणी येणार नाही ही सरकारच्या लेखी माहिती. का येणार नाही, ही चालू घडामोड. आणि खासगी एफएमला बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य आहेत.

अमेरिकेत म्हणे 'टॉक रेडिओ' नावाचा प्रकार असतो. माणसं दिवसभर फोन करून महापौरापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळ्यांना सोलतात. आपल्याकडेही रेडिओवर टॉक भरपूर आहे. सासूबद्दल बोला, बॉसबद्दल बोला, पहिल्या प्रेमाबद्दल तर बोलाच बोला. फक्त नगरसेवकाच्या आसपास जाऊ नका.

हे कोणा एका पक्षाचं कारस्थान समजू नये. १९९९ मध्ये वाजपेयी सरकारने एफएम खासगी कंपन्यांना खुलं केलं, तेव्हाच बातम्यांना कुलूप लावलं. २०११ मध्ये मनमोहन सिंग सरकारने नवं धोरण आणलं आणि त्याच कुलपाला तेल घातलं. मोदी सरकारने किल्ली खिशात ठेवली आहे. संसदेत एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष ज्यावर पाव शतक एकमताने ठाम आहेत, असे विषय या देशात फार नाहीत.

२०११ च्या धोरणात थोडी दया दाखवली आहे. काही गोष्टी 'बातमी नव्हेत' असं सरकारनेच ठरवून दिलं: वाहतूक आणि हवामान, सणसमारंभ, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी आणि वीज-पाणी-आपत्ती-आरोग्याबद्दलच्या सूचना, पण त्याही स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या. म्हणजे सिंहगड रस्त्यावर गाड्या अडकल्यात हे सांगा; रस्ता किती वेळा खणला ते मोजू नका. उद्या मुसळधार पाऊस आहे हे सांगा. नालेसफाईचं बिल कोणी उचललं ते पाऊस थांबल्यावरही विचारू नका. भरती निघाली तर जाहीर करा. पेपर फुटला, तर... तर एक छानसं गाणं ऐकू या.

आता गंमत पाहा. हाच देश टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चालू देतो. रोज रात्री नऊ वाजता एका चौकटीत आठ माणसं एकाच वेळी ओरडतात आणि त्याने देशाच्या सुरक्षेला काहीही होत नाही. मोबाइलवर कोणीही उठतो, मागे लाल अक्षरांत 'महाब्रेकिंग' लिहितो आणि पत्रकार होतो. धोका आहे तो फक्त रेडिओपासून. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका करून ही बंदी का, असं विचारलं. त्यावर केंद्राचं म्हणणं असं, की एवढ्या केंद्रांवरच्या बातम्या तपासायला यंत्रणा नाही, त्यामुळे सुरक्षेला धोका संभवतो. ऐकायला माणूस नाही म्हणून बोलायची बंदी! हा न्याय ग्रामसभेला लावला तर सरपंच पेढे वाटतील.

खरं तर याच न्यायालयाने १९९५ मध्ये, क्रिकेट सामने कोणी दाखवायचे या भांडणात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगून टाकलं होतं. त्या निकालाच्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते, म्हणजे आपलाच माणूस. लहरी जनतेच्या झाल्या. त्यांवरून काय जाईल, ते मात्र दिल्लीतच ठरत राहिलं.

बातम्या अगदीच मिळत नाहीत असं नाही. जानेवारी २०१९ पासून खासगी एफएमना आकाशवाणीची बातमीपत्रं फुकट मिळू लागली. अट एवढीच, की जशीच्या तशी लावायची, काना-मात्रेला हात लावायचा नाही. पुण्याचं कांदेपोह्यांचं दुकानसुद्धा 'लिंबू वेगळं मिळेल' इतकी मुभा देतं.

आणि 'मन की बात' आहेच. ऑक्टोबर २०१४ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाला श्रोते पत्रं पाठवतात, सूचना पाठवतात, ध्वनिमुद्रित निरोप पाठवतात. बोलतात मात्र पंतप्रधान. थेट फोन लागत नाही, मध्येच कोणी "हॅलो, आमच्याकडे डीपी जळालाय" म्हणत नाही, कार्यक्रम वेळेत संपतो. निर्मात्याच्या दृष्टीने आदर्श टॉक रेडिओ.

मराठी श्रोत्याला अशा गप्प रेडिओची सवय नव्हती, हे दुखणं आहे. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं तेव्हा टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, घरातल्या घरात बसून महागाई, रेशन, लोकल, टंचाई यांची सालं काढायचे. आकाशवाणी सरकारी, पगार सरकारी, माइकसुद्धा सरकारी. तरी चहाच्या कपाआडून टोमणा जायचा आणि घराघरांत पोचायचा. पुढे आणीबाणीत त्याच आकाशवाणीला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले, ही गोष्ट वेगळी. सरकारी रेडिओला तेव्हा जे जमत होतं, ते खासगी रेडिओला कोट्यवधींचं लायसन्स घेऊनही करता येत नाही, याला प्रगती म्हणतात.

मग पळवाट? पळवाट गाण्यातून. २०१७ च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या आरजे मलिष्काने, तेव्हा पोरासोरांच्या तोंडी असलेल्या 'सोनू'च्या चालीवर मुंबई महापालिकेची आणि खड्ड्यांची टिंगल करणारं गाणं केलं. नियमात बसलं, मनोरंजनाला बंदी नाही. व्हिडिओ फोनाफोनी फिरला. महापालिकेतल्या सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. एवढी अब्रू महापालिकेकडे शिल्लक आहे, हे मुंबईकरांना तेव्हाच कळलं. पाठोपाठ आरोग्य खात्याचं पथक मलिष्काच्या घरी पोचलं, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी तपासलं, त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली.

इथे जरा थांबून महापालिकेचं कौतुक करायला हवं. ज्या शहरात तुंबलेल्या गटाराची तक्रार तीन खिडक्या फिरून चौथ्या खिडकीवर 'वॉर्ड बदला' असं ऐकते, तिथे एका कुंडीखालच्या ताटलीपर्यंत प्रशासन आठवड्याभरात पोचलं. रस्त्यावरचे खड्डे बुजले नाहीत, पण ताटली कोरडी झाली. पुढच्या पावसाळ्यात 'झिंगाट'च्या चालीवर खड्ड्यांचं दुसरं गाणं आलं. खड्डे अर्थातच हजर होते.

कम्युनिटी रेडिओची तऱ्हा याहून मजेची. माण तालुक्यात, म्हणजे पाऊस जिथे पाहुण्यासारखा येऊन जातो त्या भागात, म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४ वर चालते. बायका स्वतः बोलतात, ओव्या गातात, शेळ्या, शेती, बचत यांवर चर्चा करतात. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॅट, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या बल्बएवढी. दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे आवाज जात नाही. तरी या वाहिन्यांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. चारा छावणीत चारा आला की नाही हे शेजारच्या गावाला कळलं, तर राष्ट्र डळमळेल.

या सगळ्यात पुणेकरांनी मात्र एकदा हिसका दाखवला. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. सकाळचं सातच्या सुमाराचं बातमीपत्र दुसऱ्या गावाहून येणार, म्हटल्यावर शहर खवळलं. त्या बातम्यांवर घड्याळं लावणारी पिढी अजून धडधाकट आहे आणि तिला पत्र लिहिता येतं. प्रकाश जावडेकरांनी दिल्लीत शब्द टाकला, तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी आदेशाला स्थगिती दिली. एवढ्या धावपळीतून जे वाचलं, ते पुन्हा सरकारी बातमीपत्रच. पण निदान पुण्याहून.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने शिफारस केली, की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींना द्यावीत. फाइल आपल्या गतीने चालते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मात्र मंजुरी दिली.

त्या यादीत लातूर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हेच लातूर. पुन्हा तशी वेळ आली, तर तिथल्या नव्या एफएमची अडचण होणार नाही. पाण्याची 'जलदूत' गाडी मिरजेहून किती वाजता सुटली, ही वाहतूक. टँकर कुठल्या चौकात उभा राहील, ही प्रशासनाने पुरवलेली सूचना. तापमान बेचाळीस, हे हवामान. स्टेशनवर गाडीच्या स्वागताला हार घेऊन कोण उभं आहे, तेही सणसमारंभात बसवता येईल. फक्त टंचाईच्या जिल्ह्यात ऊस कोणाचा उभा आहे, असं फोनवरच्या श्रोत्याने विचारलं, तर आरजेने त्याला फर्माईश विचारावी.